घरांतील मोडेम : जोडणी आणि राखण

सायंकाळची वेळ आहे. घरांतील मुलीला परीक्षेचा अर्ज भरावयाचा आहे. तो रात्रीं बारापूर्वीं गेला नाहीं तर तिचें वर्ष फुकट जावयाचें. गृहस्थाला बँकेचें काम उरकावयाचें आहे, आणि परदेशीं असलेल्या मुलाशीं बोलण्यासाठीं त्याची आई वाट पाहत बसली आहे. नेमकें अशाच वेळीं इंटरनेट बंद पडतें. सर्वांची दृष्टि कोपऱ्यांतील एका लहानशा पेटीकडे वळते. तिच्यावरील एक दिवा लुकलुकत असतो. पण तो कां लुकलुकतो, हें घरांत कोणालाच ठाऊक नसतें. कोणी पेटी बंद करून पुन्हां सुरू करतो, कोणी तिच्या पाठीमागच्या तारा हालवून पाहतो, आणि शेवटीं शेजारच्या बिऱ्हाडांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलाला हांक मारली जाते. तो येतो, भराभर कांहीं बटणें दाबतो, इंटरनेट सुरू होतें, आणि सर्वजण त्याला चहा देऊन मोकळे होतात. त्यानें काय केलें, हें कोणी विचारीत नाहीं.

या पेटीचें नांव मोडेम. घराच्या दाराचें कुलूप सुताराकडून बसवून घेतलें, तरी किल्ली कोणी सुताराच्या हातीं ठेवून देत नाहीं. मोडेमच्या बाबतींत मात्र सुशिक्षित कुटुंबेंहि तसेंच करीत असतात. यंत्र दुसऱ्यानें बसविलें तरी चालेल. पण त्याचे दिवे काय सांगतात, त्यांत कोणते अंक भरलेले आहेत आणि त्याची किल्ली कोणापाशीं आहे, एवढें घरांतील निदान एका माणसाला तरी माहीत असलें पाहिजे. हें ज्ञान फार कठीण नाहीं.

टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून इंटरनेट आणण्याच्या पद्धतीला डी. एस्. एल्. असें म्हणतात. घरगुती उपयोगांत तिचा ए. डी. एस्. एल्. हा प्रकार सर्वांत अधिक पसरला. एकाच तारेवरून बोलणें आणि इंटरनेट हीं दोन्ही कामें एकाच वेळीं कशीं चालतात, असा प्रश्न साहजिकच पडतो. टेलिफोनवरील बोलणें समजण्यास सेकंदाला सुमारें ३०० ते ३४०० कंपनें पुरेशीं होतात. तांब्याच्या तारेची शक्ति याहून कितीतरी अधिक आहे. पण केवळ बोलण्यासाठीं ती वापरली जात होती तोंवर तिचा वरचा सारा भाग रिकामा पडून होता. दुमजली घराच्या तळमजल्यावरच कुटुंबानें रहावें आणि माडीला कुलूप असावें, तसा हा प्रकार होता. ए. डी. एस्. एल्.नें ती माडी उघडली. सुमारें २६ ते १३८ किलोहर्ट्झ हा पट्टा घरांतून बाहेर जाणाऱ्या संदेशांसाठीं, आणि त्यावरील ११०४ किलोहर्ट्झपर्यंतचा मोठा पट्टा घरांत येणाऱ्या संदेशांसाठीं राखलेला असतो.

येणाऱ्या संदेशांना मोठा वाटा आणि जाणाऱ्यांना लहान, ही विषम वांटणी मुद्दाम केलेली आहे. अमेरिकेंतील बेलकोअर या संशोधनसंस्थेंतील जोसेफ लेकलायडर यांनीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस असें दाखवून दिलें कीं, दोन्ही दिशांना सारखा वेग देण्याचा हट्ट सोडला तर एकाच जुडग्यांतील शेजारच्या तारांचा परस्परांना होणारा उपद्रव पुष्कळ कमी होतो, आणि एका दिशेला बराच अधिक वेग मिळूं शकतो. घरांतील मनुष्य पाठवितो थोडें आणि मागवितो फार. म्हणून ही वांटणी व्यवहारालाहि सोयीची ठरली.

स्टॅनफर्ड विद्यापीठांतील जॉन सिऑफी यांनीं पुढाकार घेऊन सिद्ध केलेल्या पद्धतींत हा सर्व पट्टा २५६ अरुंद भागांत विभागलेला असतो. १९९३ मधील तुलनात्मक चांचण्यांत हीच पद्धति सरस ठरली. तिची रीत शाळेंतील वर्गासारखी आहे. मोडेम सुरू होतांच तो आणि एक्सचेंजमधील त्याचा जोडीदार मिळून या प्रत्येक भागाची परीक्षा घेतात. जो भाग स्वच्छ असेल त्याच्यावर एका फेरींत १५ बिटांपर्यंत ओझें टाकतात; ज्यांत खरखर असेल त्याला थोडेंच देतात, आणि जो अगदींच निकामी असेल त्याला बांकावर नुसतें बसवून ठेवतात. सुरू केल्यानंतर कांहीं वेळ दिवा लुकलुकत राहतो तो याच परीक्षेमुळें. अशा वेळीं उतावळेपणानें पेटी पुन्हां बंद केली तर परीक्षा पहिल्यापासून सुरू होते.

येथेंच तारेच्या लांबीचा संबंध येतो. तार जितकी लांब तितका संदेश क्षीण होतो, आणि जलद कंपनें मंद कंपनांपेक्षां अधिक लवकर क्षीण होतात. एक्सचेंजपासून किलोमीटरभर अंतरावर असलेल्या घराला पुढील सुधारलेल्या ए. डी. एस्. एल्. २ प्लस या प्रकारांत सेकंदाला २४ मेगाबिटांच्या आसपास वेग मिळूं शकतो. तेंच घर पांच किलोमीटर दूर असेल तर जोडणी टिकली तरी पुष्कळ झालें. एकाच गांवांतील दोघांच्या वेगांत जें अंतर दिसतें, त्याचें कारण पुष्कळदां मोडेमच्या किंमतींत नसून तारेच्या लांबींत असतें.

आपल्याकडे २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानें सेकंदाला निदान २५६ किलोबिट वेग असलेल्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणावें असें ठरविलें. २००५ च्या आरंभीं भारत संचार निगमाची ‘डेटावन’ आणि मुंबई व दिल्ली येथें महानगर टेलिफोन निगमाची ‘ट्रायबँड’ ही सेवा सुरू झाली. बैठकींतील जुन्या टेलिफोनच्या शेजारीं ही नवी पेटी येऊन बसली ती तेव्हांपासून.

आतां प्रत्यक्ष जोडणी. मोडेमबरोबर स्प्लिटर नांवाची एक लहान डबी येते. तिला तीन भोंकें असतात. एकांत बाहेरून येणारी तार जाते, दुसऱ्यांतून टेलिफोनला तार जाते आणि तिसऱ्यांतून मोडेमला. तळमजला आणि माडी वेगळी करणारी ही डबी होय. घरांत जितके टेलिफोन असतील ते सर्व तिच्या टेलिफोनकडील बाजूस आले पाहिजेत. पुष्कळ घरीं आंतल्या खोलींत एक जादा टेलिफोन पूर्वींच्याच तारेवर तसाच राहून जातो. मग रिसीव्हर उचलला कीं कानांत खरखर ऐकूं येते आणि इंटरनेट तुटतें. दोष मोडेमला दिला जातो. खरा अपराधी आंतल्या खोलींतला टेलिफोन असतो.

तारा लागल्या म्हणजे दिव्यांकडे पहावें. पहिला दिवा विजेचा. दुसरा डी. एस्. एल्.चा, तो स्थिर झाला म्हणजे एक्सचेंजशीं बोलणें जुळलें असें समजावें. तिसरा इंटरनेटचा, तो लागला म्हणजे नांव व पासवर्ड मान्य होऊन बाहेरचें दार उघडलें. बाकीचे घरांतील तारेच्या आणि वायफायच्या जोडणीचे. दुसरा दिवा स्थिर असून तिसरा लागत नसेल तर तार हालवून उपयोग नाहीं. दोष बहुधा भरलेल्या अंकांत, नांवांत किंवा पासवर्डांत असतो, अथवा कंपनीकडे असतो. उलट दुसराच दिवा स्थिर होत नसेल तर पासवर्ड पुनःपुन्हां भरणें म्हणजे आधीं कळस मग पाया. एवढा एक भेद ध्यानांत ठेवला तरी निम्मी धांवपळ वांचते.

अंक भरण्यासाठीं मोडेमला संगणक शक्यतों तारेनेंच जोडावा. मग ब्राउझरमध्यें मोडेमचा पत्ता लिहावा. तो पेटीच्या तळाशीं छापलेला असतो. पुष्कळ मोडेमांत तो १९२.१६८.१.१ असा असतो. १९२.१६८ नें आरंभ होणारे पत्ते घरांतल्या वा कचेरींतल्या अंतर्गत वापरासाठींच राखून ठेवलेले आहेत. म्हणून हजारों घरांतील मोडेमांचा पत्ता एकच असला तरी गोंधळ होत नाहीं. प्रत्येक घराच्या स्वयंपाकघराला स्वयंपाकघरच म्हणतात, तसेंच हें. पत्ता लिहिल्यावर नांव आणि पासवर्ड विचारला जातो. जुन्या मोडेमांत दोहोंच्या जागीं बहुधा ‘अ‍ॅडमिन’ हा एकच शब्द असे. ही गोष्ट लक्षांत ठेवावी. तिचा संबंध पुढें येणार आहे.

आंत गेल्यावर पुष्कळ कोष्टकें दिसतात; पण घरगुती जोडणीला त्यांतील थोडींच लागतात. पहिलें व्ही. पी. आय्. आणि व्ही. सी. आय्. या दोन अंकांचें. एक्सचेंजपर्यंत संदेश कोणत्या मार्गानें जावयाचे, तें हे अंक सांगतात. प्रत्येक कंपनीचे अंक तिनें ठरविलेले असतात. भारत संचार निगमाच्या ए. डी. एस्. एल्. जोडणीला ० आणि ३५ हे अंक भरावयाचे. एक अंक चुकला तरी डी. एस्. एल्.चा दिवा स्थिर दिसतो आणि इंटरनेट मात्र येत नाहीं. दुसरें कोष्टक जोडणीच्या प्रकाराचें. त्यांत बहुधा पी. पी. पी. ओ. ई. हा प्रकार निवडून कंपनीनें दिलेलें नांव व पासवर्ड लिहावयाचा असतो. या पद्धतींत एका वेळच्या संदेशाच्या १५०० बाइटांपैकीं ८ बाइट वेष्टनांतच खर्च होतात; म्हणून एम्. टी. यू. या नांवापुढें १४९२ हा अंक असावा. कांहीं पानें उघडतात आणि कांहीं अर्धवट अडकून पडतात, अशी चमत्कारिक तक्रार पुष्कळदां या एका अंकानें मिटते.

येथें दोन रीती संभवतात. ‘ब्रिज’ रीतींत मोडेम केवळ पुलाचें काम करतो आणि नांव व पासवर्ड संगणकच पाठवितो. मग तो एकच संगणक इंटरनेटवर जातो, आणि तोहि जणूं रस्त्यावर उघडा उभा राहतो. दुसऱ्या रीतींत मोडेम स्वतःच राउटरचें काम करतो. घरांतील सर्व साधनें त्याच्या मागें एका पत्त्याच्या आडोशानें बाहेर जातात. कुटुंबाला ही दुसरीच रीत योग्य.

आतां किल्लीचा विषय. घरांत एक नव्हे, तीन पासवर्ड असतात, आणि बहुतेक घोंटाळा ते एकच समजल्यामुळें होतो. पहिला कंपनीनें जोडणीसाठीं दिलेला. दुसरा मोडेमच्या आंत शिरण्याचा. तिसरा वायफायचा, म्हणजे घरांतील फोन आणि संगणक मोडेमशीं जोडण्याचा. पाहुण्याला जो सांगतात तो तिसरा; पहिले दोन कोणाला सांगावयाचे नसतात.

तिसऱ्याविषयीं निष्काळजीपणा केला तर काय होतें, याचें उदाहरण फार दूरचें नाहीं. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबाद येथें बाँबस्फोटांची मालिका झाली. त्याच्या कांहीं मिनिटें आधीं वृत्तसंस्थांकडे धमकीचा एक ई-मेल आला होता. तो कोठून निघाला याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईंतील एका घरापर्यंत पोंचले. त्या घरांतील माणसाचा त्या ई-मेलाशीं कांहीं संबंध नव्हता. त्याची वायफाय जोडणी भलत्यानेंच वापरली होती. परंतु ही गोष्ट सिद्ध होईपर्यंत त्याला चौकशीच्या फेऱ्यांतून जावें लागलें. चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याची वेळ यावी, अशी ही अवस्था. वायफायच्या लहरी भिंतीपाशीं थांबत नाहींत. त्या जिन्यांत, रस्त्यावर आणि समोरच्या इमारतींतहि पोंचतात. आणि बाहेरून पाहणाराला, त्या जोडणीवरून झालेलें प्रत्येक कृत्य त्या घरांतूनच झालेलें दिसतें.

म्हणून वायफाय कधींहि उघडें ठेवूं नये. मोडेमच्या कोष्टकांत डब्ल्यू. ई. पी. हा जुना प्रकार दिसला तर तो निवडूं नये. त्याचें कुलूप २००१ मध्येंच फोडलें गेलें. डब्ल्यू. पी. ए. २ हा प्रकार निवडावा, आणि त्याहून नवा डब्ल्यू. पी. ए. ३ उपलब्ध असल्यास तो घ्यावा. पासवर्ड निदान आठ अक्षरांचा लागतो. पण तेवढ्यावर समाधान मानूं नये. मुलाचें नांव, जन्मसाल किंवा टेलिफोनचा क्रमांक हे पासवर्ड नव्हेत; ते शेजाऱ्यालाहि ठाऊक असतात. परस्परांशीं संबंध नसलेले चार शब्द एकापुढें एक लिहिले तर ते घरांतील आजीच्याहि लक्षांत राहतात आणि परक्याला सांपडत नाहींत.

दुसऱ्या पासवर्डाचें महत्त्व याहून अधिक. २०१७ च्या जुलै महिन्यांत भारत संचार निगमाच्या हजारों ग्राहकांचे मोडेम एका दुष्ट प्रोग्रॅमानें बंद पाडले. मोडेमचा मूळ पासवर्ड जेथें बदललेला नव्हता, तेथें त्याला आयतेंच दार मिळालें, आणि तो बदलण्याची सूचना निगमाला ग्राहकांना करावी लागली. मघाशीं सांगितलेला तो ‘अ‍ॅडमिन’ हा शब्द सर्व जगाला ठाऊक आहे. ज्या कुलुपाची किल्ली बाजारांत कोठेंहि मिळते, तें कुलूप असून नसल्यासारखें.

मोडेम बंद पडला तर निदान तें कळतें तरी. तो सुरू राहून घरच्या माणसांना फसवूं लागला तर तें अधिक घातक. इंटरनेटवर डी. एन्. एस्. नांवाची एक व्यवस्था आहे. ती नांवावरून पत्ता सांगते. टेलिफोन डिरेक्टरीसारखीच ती समजावी. २०११ मध्यें ब्राझील देशांत मोडेमांतील एका दोषाचा फायदा घेऊन चोरांनीं सुमारें ४५ लाख डी. एस्. एल्. मोडेमांतील ही डिरेक्टरीच बदलून टाकली. माणूस बँकेचें नांव बरोबर लिही, आणि पोंचे मात्र चोरांनीं मांडलेल्या हुबेहूब खोट्या पानावर. संगणकांत कांहीं दोष नव्हता, माणसाची चूक नव्हती. कोपऱ्यांतील पेटी फितूर झाली होती. याकरितां मोडेमचा पासवर्ड बदलावा, बाहेरून मोडेम चालविण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, बंद ठेवावी, निर्मात्यानें सुधारलेली आज्ञावली दिली असल्यास ती भरावी, आणि डी. एन्. एस्.चे अंक कंपनीनें सांगितलेलेच आहेत कीं नाहीं हें अधूनमधून पहावें.

येथें एक सावधगिरी विशेष सांगण्यासारखी आहे. मोडेमच्या पाठीमागें टांचणीच्या टोंकाएवढें एक भोंक असतें. त्यांतील बटण सुमारें दहा सेकंद दाबून धरलें कीं मोडेम कारखान्यांतून आला तसा होतो. दुरुस्तीला आलेला माणूस पुष्कळदां पहिल्यानें हेंच करतो. मग तो अंक पुन्हां भरतो, इंटरनेट सुरू होतें, सर्वांना आनंद होतो. पण मोडेमचा पासवर्ड पुन्हां मूळचा झालेला असतो आणि पुष्कळदां वायफायचाहि. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर घराचें दार पुन्हां उघडें पडण्याचा संभव असतो. दुरुस्ती करणारा गेल्यावर त्याच दिवशीं दोन्ही पासवर्ड पुन्हां बदलणें हा घराचा नियम असावा.

जोडणी वरचेवर तुटूं लागली तर तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्रथम टेलिफोन उचलून ऐकावें. त्यांतच खरखर असेल तर दोष तारेंत आहे. पावसाळ्यांत सांध्यांत पाणी शिरून तांब्याला गंज चढतो आणि ही तक्रार वाढते. नंतर घरांतील सर्व जादा तारा काढून, बाहेरून तार जेथें प्रथम आंत येते तेथेंच मोडेम लावून पहावा. तेथें दिवा स्थिर राहिला तर दोष घरांतील तारांत. तेथेंहि न राहिला तर लाइनमनला बोलवावें. मोडेमच्या पानावर ‘एस्. एन्. आर्. मार्जिन’ या नांवाचा एक अंक असतो; तो साधारणपणें ६ डेसिबेलच्या खालीं गेला तर जोडणी टिकणें कठीण. हा अंक तक्रारींत सांगितला म्हणजे ‘इंटरनेट चालत नाहीं’ या मोघम वाक्यापेक्षां तिचें वजन वाढतें. आणि विजा कडाडूं लागल्या म्हणजे विजेची व टेलिफोनची, अशा दोन्ही तारा मोडेमपासून काढून ठेवाव्या. वीज टेलिफोनच्या तारेनेंहि घरांत येते.

अलीकडे शहरांतून तांब्याच्या तारेची जागा कांचतंतू घेत आहे. ज्यांच्या घरीं तो आला, त्यांना स्प्लिटर आणि मार्गाचे ते जुने अंक यांची जरूर राहिली नाहीं. परंतु घरांतील पत्ता, तीन पासवर्ड, डिरेक्टरी आणि टांचणीचें भोंक या गोष्टी नव्या पेटींतहि तशाच आहेत, आणि तीहि कोणाच्या तरी हातून बसविली जात आहे.

एक साधी वही घ्यावी. तींत मोडेमचा पत्ता, मार्गाचे अंक, जोडणीचें नांव, तिन्ही पासवर्ड आणि तक्रारीचा टेलिफोन क्रमांक लिहून ठेवावा, आणि ती बँकेच्या पासबुकांबरोबर कपाटांत ठेवावी. इंटरनेटवरील चोराचा हात लांकडी कपाटांत पोंचत नाहीं. पासवर्ड बदलला कीं जुना खोडून नवा लिहावा आणि शेजारीं तारीख घालावी. हें काम घरांतील एकाकडे, वाटल्यास त्या अर्ज भरणाऱ्या मुलीकडेच, सोंपवावें. शेजारच्या मुलाला चहाला अवश्य बोलवावें. पण दिवा लुकलुकूं लागला म्हणजे वही तिनें काढावी.